मार्केटची आणि घरची : मुलुंडच्या गच्चीवरच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

काल रात्री उशिरा नारायणगावहून परतले. वही आजपासून सुरू करते, कारण डोक्यात ठेवलं की आठ दिवसांत विरतं.

मामेभावाकडे दोन दिवस होते. सकाळी भरीतासाठी वांगी तोडायला शेतात शिरले तर वहिनीने बांधावरून हाक मारली, "ताई, तिथली नको. ती मार्केटची. घरची विहिरीकडं आहेत." विहिरीच्या कडेला चार सऱ्या होत्या. थोडी वांगी, थोडी मिरची, कोथिंबीर, कडेने अंबाडी. तिथे औषध मारत नाहीत. वहिनीने हे मीठ कुठल्या बरणीत आहे ते सांगावं इतक्या सहज सांगितलं. लपवण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं.

एसटीत बसल्यावर राग आला आणि माळशेज उतरेपर्यंत टिकला. मुरबाडच्या पुढे लक्षात आलं की ती 'मार्केटची' वांगी वाशीला येतात, वाशीहून मुलुंड स्टेशनच्या बाहेर येतात आणि तिथून ती घेणारी मी असते. भावावर रागावून काय करणार?

तर ठरलं. सोसायटीच्या गच्चीवर चार सऱ्यांच्या जागी काही पिशव्या. पहिली परीक्षा ८ सप्टेंबरला, ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा रिवाज आहे. दारातलं, परसातलं जे उगवेल त्याची भाजी. गेली तीस वर्षं मी ऋषीची भाजी बाजारातून वाट्यावर आणते, म्हणजे ती कोणाच्या कष्टाची हे मलाही माहीत नसतं.

२८ एप्रिल

सोसायटीची सभा. सोळा घरं, त्यातली नऊ हजर. मुद्दा 'गच्चीवर कुंड्या', चर्चा मात्र गळतीची. चौथ्या मजल्यावरच्यांचं छत मागच्या पावसाळ्यात दोन ठिकाणी ओलं झालं होतं. त्यांची भीती खरी आहे, त्यामुळे वाद घातला नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी कागदावर हिशोब करून दाखवला. माणसांचा वावर असलेल्या गच्चीला दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून बांधतात. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं. म्हणजे बारा इंची पिशवी नुसत्या मातीने भरली आणि पाणी घातलं की पस्तीसेक किलो. तशा चार पिशव्या एका चौरस मीटरमध्ये ठेवल्या की संपलं, वर माणूस उभा राहायला नको. त्यांच्या अटी अशा: माती कमीत कमी, पिशव्या विटांवर उचललेल्या, कोब्याला ओल लागता कामा नये, आणि रांगा तुळयांच्या रेषेवर. गच्चीच्या मधोमध काही नाही. तुळया कुठून जातात ते त्यांनी खडूने आखून दिलं.

एकूण तीस पिशव्यांना परवानगी, एक वर्षापुरती. सेक्रेटरी म्हणाले, "लिहून द्या." दिलं.

५ मे

माती कमी म्हणजे भरायचं काय? मुंबईत हा प्रश्न पडलेली मी पहिली नाही. डॉ. आर. टी. दोशी यांनी याच शहरात गच्चीवर उसाच्या चिपाडावर भाज्या, फळं काढून दाखवली होती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून बाग उभी केली. त्यामागे श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. आपल्या घरातून काय बाहेर फेकलं जातं ते आधी बघा, खत विकत आणायला नंतर जा, हे मी त्यांच्याकडून उचललं.

मे महिना असल्याने चिपाडाला तोटा नाही. नाक्यावरचा रसवाला रोज दोन पोती फेकतो. तो म्हणाला, "पैसे नको, फक्त दुपारी चारच्या आत न्या." रिक्षाने दोन फेऱ्या. रिक्षावाल्याने सीटवर चिकट रस सांडल्याबद्दल वीस रुपये जास्त घेतले, बरोबरच होतं.

मिश्रण: तीन भाग तुकडे केलेलं चिपाड आणि वाळलेला पाला, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग कंपोस्ट आणि गांडूळखत, एक भाग लाल माती. वर अमृतजल, म्हणजे पातळ खत: एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस दोन्ही वेळ ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. शेण आणि गोमूत्र देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशींकडून. "कसली पूजा आहे?" असं त्यांनी विचारलं. भाजीची, म्हटलं.

१२ मे

चूक. ताजं चिपाड भरलं. त्यात साखर होती. पिशव्यांवर मुंग्यांची अशी फौज आली की लेकाने त्याला 'दादरचा जिना' म्हटलं. सगळं उपसलं, चिपाड धुतलं, उन्हात पसरलं. आधी वाळवायला हवं होतं.

१८ मे

बियाणं आणलं: भेंडी, लाल माठ, पालक, काकडी. भेंडीचं पाकीट फोडलं तर बी गुलाबी. आधी वाटलं जातच तशी असेल. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायला भिंग काढावं लागलं: बियाण्यावर थायरमची प्रक्रिया, विषारी, खाण्यासाठी वापरू नये. थायरम हे बुरशीनाशक आहे. विषमुक्त भाजीचा संकल्प, आणि पहिला रासायनिक पाहुणा बियाण्यावर बसूनच घरात आला!

काकांना दाखवलं. ते म्हणाले, एका बीवर असतं किती, भेंडी धरेपर्यंत काय उरणार. बहुधा खरं असेल. तरी हात साबणाने धुतले आणि भेंडी मातीत टाकली, कारण परभणी क्रांती हे वाण मला हवंच होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं, पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारं म्हणून ते काढलेलं आहे.

सासूबाईंनी मात्र प्रश्न एका मिनिटात सोडवला. मिसळणाच्या डब्यातले मेथीदाणे आणि मोहरी, किराणाच्या पुडीतले धणे. "हे आपण खातो ना? मग यावर कशाला काही लावतील?" धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका केल्या आणि पेरले. पडवळ आणि दोडक्याचं बी वहिनीने विहिरीकडच्या वेलाचं राखेत घोळून ठेवलेलं दिलं होतं. अळूचे गड्डे अलिबागच्या नणंदेकडून.

२ जून

पहिली काढणी. सासूबाईंनी मिठाईच्या जुन्या ट्रेमध्ये वाळू पसरून दाट मेथी टाकली होती. बाजारात पांढऱ्या देठाच्या बोटभर जुड्या मिळतात ती समुद्रमेथी. दहा दिवसांत कात्रीने कापली. वजन १४० ग्रॅम. वाळू चार वेळा धुतली, तरी दाताखाली आली. कोणी बोललं नाही.

आजपासून गच्चीवरून जे खाली येईल त्याचं वजन वहीच्या मागच्या पानावर लिहायचं.

९ जून

मान्सून मुंबईत दाखल. सरासरी तारीख ११, यंदा दोन दिवस आधी. माठाची रोपं दोन-दोन पानांवर आहेत.

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. मध्य रेल्वे बंद, लेक घरीच. साडेसहाला छत्री घेऊन गच्चीवर गेले. माठ आणि पालक पेरलेल्या आठ पिशव्यांत पाणी तुंबलं होतं. पालक पूर्ण गेला, रोपं बुडाशी काळी पडून आडवी झालेली. माठ निम्मा वाचला. पिशव्यांना दोन-दोन भोकं होती, आता तापवलेल्या सळईने प्रत्येकीला आठ पाडली. पालक पावसाळ्यात लावणं हाच मुळात शहाणपणा नव्हता. अळू मात्र अशा मिजाशीत उभं होतं की बघत राहावं.

बाकी मोसमासाठी पालेभाजीवर बांबू आणि मेणकापडाचं छप्पर केलं.

२४ जुलै

मलेरियावाले आले. दोघे जण, हातात टॉर्च, थेट गच्चीवर. मी पावसाचं पाणी साठवायला कोपऱ्यात पिंप ठेवलं होतं, झाकण वाऱ्याने सरकलेलं. टॉर्च मारला तर आत अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास असंच स्वच्छ साठलेलं पाणी शोधतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे भाजी विषमुक्त आणि खाली सोळा घरांना डेंग्यू! मान खाली घालून ऐकून घेतलं. पिंप ओतून कोरडं केलं, कुंड्यांखालच्या ताटल्याही काढून टाकल्या. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर लिहिलं, नाव न घालता. नावाची गरज नव्हती.

संध्याकाळी गल्लीत धुराची फवारणी झाली. धूर गच्चीपर्यंत चढताना दिसला तसं मी माठावर जुनी चादर टाकली. फवारू नका असं म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

४ ऑगस्ट

चवळीच्या शेंड्यांवर मावा. काळा, थरच्या थर. मुंग्या त्याच्यातून ये-जा करतात, कारण मावा गोड चिकट रस टाकतो आणि मुंग्या त्या रसासाठी त्याची राखण करतात. गवळ्याने म्हशी राखाव्यात तसं. मिरचीवर पिठ्या ढेकूण, तो जुन्या टूथब्रशने काढला.

उपाय: एक लिटर कोमट पाणी, ५ मिली कडुनिंबाचं तेल, २ मिली भांड्याचा द्रव साबण. आधी तेल आणि साबण एकत्र फेटायचं, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं. फवारणी उन्हं उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने.

आज मोठा मूर्खपणा केला. माव्यामध्ये काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी, मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या. दिसायला इतक्या दुष्ट की आधी त्याच चिमट्याने वेचल्या. अकरा. रात्री भावाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, "ताई, अगं ही ढालकिड्याची पोरं! मावा खायलाच आलेली. तू तर पोलिसच मारलेस." लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोल किडा सगळ्यांना ओळखू येतो, त्याची अळी नाही.

मग भाऊ बराच वेळ बोलला. "तू अकरा किडे वेचलेस. माझ्याकडे दोन एकर टोमॅटो आहे. मजुराला वेचायला लावला तर त्याची हजेरी टोमॅटोच्या वर जाते." औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो, लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तो निळ्या-हिरव्यावर भागवायचा प्रयत्न करतो. फवारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही डब्यावर असतं. "थांबतोस?" असं विचारलं. थोडं थांबून म्हणाला, "भाव पडलेला असतो तेव्हा थांबतो."

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेव्हा मी बातमी वाचून घरातल्या भाज्या मिठाच्या पाण्यात ठेवायला लागले होते. आता ते आठवून कसंसंच होतं. ते विष माझ्या ताटात येईल याची मला काळजी, आणि ते पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर आधी पडतं. शिवाय धुण्याने वरवरचं जातं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून फिरतं, ते नळाखाली धरून निघत नाही.

१८ ऑगस्ट

पडवळाला फुलं भरपूर, फळ एकही नाही. पांढरी, कडेला लेस लावल्यासारखी ही फुलं संध्याकाळनंतर उमलतात आणि त्यांचं परागीकरणाचं काम पतंग करतात. आमच्या गच्चीवर पतंग कमी असावेत, किंवा सगळे जिन्यातल्या ट्यूबलाइटभोवती. तेव्हा रात्री आठला टॉर्च दातात धरून नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मागे बारीक पडवळ असलेल्या मादी फुलाला टेकवायचं. चौथ्या मजल्यावरची सून वर कपडे काढायला आली आणि काही न विचारता खाली गेली.

भेंडीची दोन झाडं केवड्याने पिवळी पडली. परभणी क्रांती असूनही. पांढरी माशी हा रोग पसरवते, म्हणून दोन्ही उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात दिली, कंपोस्टमध्ये नाही. उरलेली सात ठीक.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी

काल गणपती बसला. आजची भाजी, खरंखरं:

गच्चीवरचं: अळू देठांसकट, लाल माठ, चवळीच्या शेंगा, भेंडी नऊ, एक काकडी, पडवळ एक. हे पडवळ सरळ वाढावं म्हणून सासूबाईंनी टोकाला दगड बांधला होता. दगड मोठा झाला, पडवळ अर्ध्यातून तुटलं, पण खाण्याजोगं होतं.

बाजारातलं: सुरण, लाल भोपळा, मक्याची कणसं, कच्ची केळी, चिंच, ओलं खोबरं. म्हणजे वजनाने निम्म्याहून जास्त बाजारचंच.

सासूबाईंना विचारलं, मग ही ऋषीची झाली का? त्या म्हणाल्या, "मक्याच्या शेतात हल्ली बैल कुठे, ट्रॅक्टर असतो. चालतंय." वाटीभर भाजी चौथ्या मजल्यावर पाठवली. वाटी परत आली ती दोन मोदक घेऊन. गळतीवर बोलणं नाही.

२६ सप्टेंबर

काल संध्याकाळच्या पावसाने मेणकापडाचं छप्पर बांबूंसकट शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर. माठ सपाट. छत गळलेलं नाही, काकांनी स्वतः चौथ्या मजल्यावर जाऊन बघितलं.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट, पण भाजी लावणाऱ्याच्या दृष्टीने मुंबईतला हाच नवा पाडवा. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं पिशव्यांत हलवली. पालक, मेथी, मुळा पेरले. टोमॅटोला रात्री गारवा लागतो, उकाड्यात फूल गळतं, म्हणून एप्रिलमध्ये लावायचा मोह टाळला हे एक बरं केलं.

कंपोस्टचा ड्रम आता मार्गाला लागला. मधे दोन आठवडे भयंकर वास येत होता, कारण ओलं जास्त, सुकं कमी. ओल्याच्या दुप्पट सुकं, हे प्रमाण धरल्यापासून वास गेला. घरातला ओला कचरा खाली जाणं जवळपास बंद झालंय.

खर्च आजवर ८,९४० रुपये, बहुतेक पिशव्या, कोकोपीट आणि ते उडालेलं छप्पर. उत्पन्न साडेअकरा किलो. ह्यांनी किलोमागे भाव काढला आणि सुज्ञपणे मनातच ठेवला.

१ डिसेंबर

वांग्याचे शेंडे माना टाकतायत. पाणी कमी नाही. शेंडा कापून उभा चिरला तर आत गुलाबीसर अळी. शेंडे आणि फळं पोखरणारी ही. पतंग पानावर अंडी घालतो, अळी निघते आणि काही तासांत आत शिरते. एकदा आत गेली की वरून काही मारा, तिला लागत नाही. म्हणून शेतकरी ती आत जायच्या आधी गाठायला पुन्हा पुन्हा फवारतो. वांग्यावर इतकी औषधं का पडतात त्याचं बरंचसं उत्तर या बोटभरसुद्धा नसलेल्या अळीत आहे. जनुकं बदललेलं बीटी वांगं काढलं गेलं तेही हिच्यासाठीच, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने त्याला स्थगिती दिली.

माझा उपाय: रोज सकाळी चहाआधी सहा झाडं बघणं, सुकलेला शेंडा दोन इंच खाली कापणं, अळीसकट साबणाच्या पाण्यात. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा एक कामगंध सापळाही टांगला, पहिल्या रात्री त्यात तीन पतंग. सहा झाडांना वीस मिनिटं लागतात. भावाच्या वांग्याला किती लागतील त्याचा हिशोब करायला घेतला आणि पेन ठेवलं.

२२ डिसेंबर

पालेभाजी जोरात. मेथी, पालक, मुळ्याचा पाला, कोथिंबीर. या महिन्यात पालेभाजी बाहेरून आणलेली नाही. लहान जागेत पालाच परवडतो: महिन्याभरात हाती येतो आणि कीड यायच्या आत पोटात जातो. फळभाजीला तीन महिने सांभाळायचं, त्यातली अर्धी अळी खाणार, उरलेली खार. होय, खारीही आल्या. टोमॅटो लाल व्हायच्या आदल्या दिवशी त्यांना कळतं.

१३ जानेवारी २०२५, भोगी

भाऊ माल घेऊन वाशीला आला होता, पहाटे टेम्पो मुलुंडला वळवून पिशवी देऊन गेला. वहिनीने पाठवलेले पावटे, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, घेवडा. चिठ्ठी नव्हती, पण पिशवीला गाठ मारून वर खडूने लिहिलं होतं: घरची.

त्याला गच्चीवर नेलं. तीस पिशव्यांतून फिरला, वांग्याचं पान उलटून बघितलं, टोमॅटोचे बगलफुटवे दोन-तीन खुडले, न विचारता. मग म्हणाला, "छान आहे. माझ्या पंप ठेवायच्या खोलीएवढं आहे." मी त्याला लाल माठाचं बी दिलं, मी धरलेलं, गुलाबी नसलेलं. त्याने ते खिशात ठेवलं आणि टेम्पोतल्या क्रेटमधून दोन किलो वांगी काढून दिली. "मार्केटची आहेत," म्हणाला, "पण दहा दिवस झाले मारून. भाव पडलाय."

मागच्या पानाची बेरीज: २ जूनपासून आजपर्यंत २७ किलो ३०० ग्रॅम. आम्ही चार माणसं रोज साधारण किलोभर भाजी खातो. म्हणजे आठ घासांतला एक गच्चीचा, सात बाहेरचे. सासूबाईंना हा आकडा आवडला नाही. "कोथिंबीर वजनात धरतेस होय!" म्हणाल्या.

भोगीच्या भाजीत वहिनीचे पावटे, हरभरा, गाजर, घेवडा. गच्चीवरची वांगी पाच, त्यातल्या दोघांना भोक. भोकाकडचा भाग कापून टाकला, बाकीची घातली. ती कमी पडली म्हणून भावाच्या वांग्यांतलीही तीन घातली, शिजल्यावर कुठली कोणती ते ओळखू आलं नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी.

उद्या: पिशवी क्रमांक १४, वांग्याचा शेंडा सुकतोय, कापणे. सापळ्यातली गोळी बदलणे. परवानगी एप्रिलअखेर संपते, सेक्रेटरींना अर्ज.